सीएफआयची चेकराइड : उडवता येतं ना, आता शिकवून दाखवा

माझी आई कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा तपासणीला साहेब येणार असले की त्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत तिची टाचण वही चालायची. उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, फलक लेखन, मूल्यमापन असे लाल शाईने आखलेले रकाने. साहेब मागच्या बाकावर बसायचे आणि आई दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवायची. साहेबांना वजाबाकी येत होती, आईला येत होती. प्रश्न एवढाच होता की मुलांना यायला लागते का.

ॲरिझोनात हेलिकॉप्टरच्या सीएफआयची, म्हणजे फ्लाइट इन्स्ट्रक्टरची चेकराइड (परीक्षकासमोरची तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा) दिली तेव्हा मला ती वही आठवली, पण जरा उशिरा. पहिल्या खेपेला मी नापास झाले. का, ते पुढे येईलच. हे लिहितेय ते एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं, कमर्शियल हेलिकॉप्टर लायसन्स हातात असलेल्यांसाठी, किंवा त्या वाटेवर असलेल्यांसाठी. भारतातल्या डीजीसीएची वाट वेगळी आहे, तिच्यात इथे शिरत नाही.

आधी परीक्षेचं स्वरूप. ३१ मे २०२४ पासून परीक्षेत काय तपासायचं ते ठरवणारी जुनी पीटीएस गेली आणि तिच्या जागी एसीएस आली. हेलिकॉप्टर इन्स्ट्रक्टरसाठी तिची स्वतंत्र पुस्तिका आहे, एफएएच्या साइटवर फुकट मिळते. ती छापून घ्या आणि स्पायरल बाइंडिंग करा, कारण परीक्षक त्याच पुस्तिकेतून चालतो. त्यातल्या बहुतेक कसरती तुम्ही कमर्शियलला केलेल्याच आहेत. नवीन काय, तर प्रत्येक कसरत करता करता ती बोलून समजावायची, आणि विद्यार्थी कुठे चुकतो ते ओळखून सुधारायचं. डोकं एक, कामं तीन.

लेखी परीक्षा दोन. फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग, म्हणजे एफओआय, ५० प्रश्नांची. हेलिकॉप्टर इन्स्ट्रक्टरची १०० प्रश्नांची. दोन्हीत ७० टक्के लागतात आणि निकाल २४ महिने चालतो. या दोन्ही परीक्षा आधी उरकून टाका, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. सातवी आणि त्यापुढच्या वर्गांना शिकवण्याचं चालू सरकारी प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाला एफओआयची लेखी माफ असते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मला नाही. माझी चौथीपर्यंत."

एफओआयचा अभ्यास मात्र लेखीपुरता करू नका. माझी ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, सुरू झाली ती अशी: "विद्यार्थ्याने लागोपाठ तीन ऑटोरोटेशन (इंजिनाच्या जोराशिवाय उतरण्याचा सराव) बिघडवली. चिडलाय. उतरल्यावर म्हणतो, या मशीनचं ट्रिमच खराब आहे. काय करशील?" मी मास्लोची मानवी गरजांची उतरंड सुरू केली. परीक्षक शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हे सगळं तू त्याला ऐकवणार?" तेव्हा लक्षात आलं की उत्तर अगदी साधं होतं. तो दोष मशीनवर ढकलतोय, म्हणजे बचावाच्या पवित्र्यात गेलाय. आज चौथं ऑटो नको. त्याला जे जमतं ते एक करू द्यायचं, चांगलं उतरवून घरी पाठवायचं, आणि उद्या ऑटोचे तुकडे पाडून एकेक घ्यायचा. नियमाचं नाव शेवटी सांगा, हवं तर. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचे शिकण्याचे नियम पाठ असावेतच, पण प्रत्येकाला तुमच्या स्वतःच्या उड्डाणातला एक किस्सा जोडून ठेवा. 'प्रायमसी' (पहिल्यांदा शिकलेलं घट्ट बसतं) म्हटलं की मला माझा पहिला हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, आठवतो. मला कुणीतरी स्किडच्या (हेलिकॉप्टर ज्यावर टेकतं त्या पट्टीच्या) पुढची जमीन बघायला शिकवलं होतं. ती खोड मोडायला वीस तास गेले.

आता लेसन प्लॅन. बाजारात तयार फाइली मिळतात. मीही एक घेतली, आणि ते पैसे पाण्यात गेले. दुसऱ्याच्या टाचणावर पाठ घेता येत नाही, मधेच "आता हे इथे का आलं" असं होतं. एफएएच्या एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुकमध्ये लेसन प्लॅनचे जे भाग दिलेत ते जवळपास आईच्या रकान्यांसारखेच आहेत: उद्दिष्ट, साहित्य, वेळेचं नियोजन, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याची कृती, आणि शेवटी पूर्ण झालं हे कशावरून ठरवायचं. मी दीड महिन्यात सव्वीस पाठ हाताने लिहिले, एक पाठ एक पान. दुसऱ्या पानावर गेला तर पाठाचे दोन करायचे.

ऑटोरोटेशनचा पाठ मी व्हिडिओ कॉलवर आईला दिला. पातीचे तीन पट्टे काढले. टोकाकडचा साधारण ३० टक्के भाग ओढ निर्माण करतो, मधला २५ ते ७० टक्क्यांमधला भाग पातीला फिरवत ठेवतो, मुळाशी उरलेला २५ टक्के स्टॉलमध्ये. बाणांची नुसती दाटी झाली. आई म्हणाली, "तू मला सांगत नव्हतीस गं, वाचून दाखवत होतीस. इंजिन बंद पडलं तर पंखा फिरतो कशाने, एवढंच सांग." मी म्हटलं, भिरभिरं घेऊन पळतो ना, तसं. वारा समोरून येतो म्हणून ते फिरतं. इथे आपण खाली येतोय, म्हणून वारा खालून येतो. "मग हे आधी सांग, बाण नंतर काढ." तिने आणखी दोन गोष्टी बजावल्या. उद्दिष्ट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव, पाठ संपेपर्यंत पुसू नकोस. आणि "समजलं का" असं कधी विचारू नकोस, मुलं हो म्हणतात. त्याऐवजी "आता तू मला सांग" म्हण. खऱ्या ओरलमध्ये मी कागदाची चकती पेन्सिलीला टोचून भिरभिरं केलं, तेव्हा परीक्षकांनी पहिल्यांदा मान हलवली.

तांत्रिक भागात काय विचारतात ते ओळखीचंच आहे: डायनॅमिक रोलओव्हर (स्किड अडकून मशीन कलंडणं), व्होर्टेक्स रिंग स्टेट (स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत खचणं), एलटीई (शेपटीच्या पंख्याचा परिणाम संपणं), लो जी आणि मास्ट बंपिंग, रिट्रीटिंग ब्लेड स्टॉल, हाइट-व्हेलॉसिटी आकृती. प्रत्येकाला चार प्रश्न लावा. कशाने होतं, आत बसलेल्याला ते कसं कळतं, बाहेर कसं यायचं, आणि नवशिका ते कसं ओढवून घेतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात थोडकंच सापडतं. व्होर्टेक्स रिंगचं घ्या. पुढे जाण्याचा वेग जवळपास नाही, खाली येण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांच्या वर, आणि पॉवर लावलेली, हे तीन एकत्र आले की ते होतं, हे सगळेच सांगतात. नवशिका तिथे पोचतो तो पाठीमागून वारा घेऊन ॲप्रोच केल्यामुळे. जमीन वेगाने सरकताना दिसते, म्हणून तो दांडा मागे ओढतो, आणि हवेतला वेग संपतो. हे बोललात की परीक्षक पुढच्या विषयाकडे जातो.

तुम्ही रॉबिन्सन कंपनीच्या हेलिकॉप्टरवर परीक्षा देणार असाल, आणि बरेच जण तिच्या आर २२ वरच देतात, तर कंपनीच्या सेफ्टी नोटिसा पीओएचच्या (पायलटच्या माहितीपुस्तिकेच्या) शेवटी असतात त्या वाचा. क्रमांक २० खास आपल्यासाठी आहे: डेमो आणि सुरुवातीच्या शिकवण्या उड्डाणांपासून सावध राहा. क्रमांक २७ अचानक थ्रॉटल बंद करण्याबद्दल, ३८ सरावाच्या ऑटोंबद्दल. आर २२ चा रोटर, म्हणजे वरचा पंखा, हलका आहे. इंजिन गेलं आणि कलेक्टिव्ह (पात्यांची उचल कमी-जास्त करणारा डाव्या हाताचा दांडा) खाली टाकायला सेकंदभर उशीर झाला तरी आरपीएम, म्हणजे फिरण्याचा वेग, पार कोसळतो. लो आरपीएमचा हॉर्न ९७ टक्क्यांना वाजतो. विद्यार्थ्याला तो आवाज पहिल्यांदा जमिनीवर ऐकवा, हवेत नव्हे.

एसएफएआर ७३ हा रॉबिन्सनसाठीचा खास नियम तोंडपाठ हवा, कारण त्यात तुमचाही प्रश्न आहे आणि विद्यार्थ्याचाही. विद्यार्थ्याला आर २२ वर सोलो, म्हणजे एकट्याला, सोडण्याआधी किमान २० तास ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत) लागतात, आणि सोलोची सही (लॉगबुकातली परवानगी) ९० दिवस चालते. तुम्हाला आर २२ वर शिकवायचं तर हेलिकॉप्टरचे एकूण २०० तास हवेत, त्यातले ५० आर २२ वर, आणि त्यासाठीची वेगळी सही परीक्षकाकडून किंवा एफएएच्या इन्स्पेक्टरकडून. कमर्शियल १५० तासांत होतं, सीएफआयलाही २०० ची अट नाही. त्यामुळे १७० तासांवर पास होऊन आर २२ मध्ये शिकवता न येणारे इन्स्ट्रक्टर तयार होतात. श्वायझर ३०० किंवा कॅब्री या दुसऱ्या कंपन्यांच्या हेलिकॉप्टरांना हा नियम लागत नाही, पण कुठल्याही हेलिकॉप्टरवर शिकवायला त्या मॉडेलवर पायलट इन कमांड म्हणून पाच तास लागतातच.

आता उडण्याकडे येऊ. आतापर्यंत तुम्ही उजव्या सीटवर बसलात, इन्स्ट्रक्टर डावीकडे बसतो. नुसती बाजू बदलली की सगळं बदलतं. आर २२ चं सायक्लिक (मशीनला पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा कंट्रोल) म्हणजे मधोमध उभा दांडा, आणि त्यावर तराजूसारखी आडवी दांडी. दोन टोकांना दोन मुठी. विद्यार्थ्याने आपली मूठ मांडीपाशी आरामात धरली की तुमची मूठ वर हवेत जाते, हनुवटीच्या उंचीला. तिथे हात धरून तासभर हॉवर करायचा, वर बोलायचं. पहिल्या दिवशी माझा खांदा भरून आला. गव्हर्नरचा (आरपीएम आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) स्विच उजव्या कलेक्टिव्हच्या टोकाला असतो, म्हणजे वाकून शोधावा लागतो. डायलही तिरके दिसतात, सुई खरी आहे त्याहून थोडी बाजूला वाटते. म्हणून डाव्या सीटवरचे निदान दहा-बारा तास चेकराइडआधी व्हायला हवेत. त्यातले पहिले दोन तास एक अक्षर न बोलता नुसतं उडवा. मग बोलायला लागा.

बोलणं ही वेगळी कसरत आहे. कसरतीच्या आधी, दरम्यान आणि नंतर काय बोलायचं ते मी गाडी चालवताना पाठ करायची. ऑफिसला जाताना दहा मैल: "कलेक्टिव्ह खाली, उजवं पेडल, नाक जागेवर, ६५ नॉट्स, आरपीएम हिरव्यात." ऑटोमध्ये रोटर आरपीएम ९० ते ११० च्या आत ठेवायचा असतो, आणि नवशिक्याचं लक्ष एअरस्पीडवर चिकटतं. म्हणून मी शिकवताना आरपीएम मोठ्याने वाचायला लावते: "एकशे दोन, एकशे चार, एकशे सहा, थोडं उचल." गाडीत ही घोकंपट्टी चालायची तेव्हा शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत असे. त्याला बघू दे.

हॉवर शिकवताना एका वेळी एकच कंट्रोल द्या. आधी पेडल, नाक लांबच्या एका झाडावर. मग कलेक्टिव्ह. सायक्लिक शेवटी, आणि तेही हात मांडीवर टेकवून. विद्यार्थी डोलायला लागला की त्याला "कमी हलव" म्हणून उपयोग नसतो. "दोन बोटांनी धर आणि त्या टेकडीकडे बघ" म्हटलं की डोलणं बरंचसं थांबतं.

इथेच माझी पहिली चेकराइड संपली.

ओरल चांगली झाली होती. साडेतीन तास. उड्डाणात परीक्षक विद्यार्थी झाले, मी त्यांना हॉवर देत होते. तीन फुटांवर. मशीन हळूहळू उजवीकडे सरकायला लागलं. मी म्हटलं, "आपण उजवीकडे जातोय, क्षितिज बघा." मशीन आणखी सरकलं. मी म्हटलं, "थोडं डावं सायक्लिक." माझा उजवा हात त्या वेळी टेकडी दाखवत होता. हो, त्या हवेतल्या मुठीवर असायला हवा होता तो हात. उंची दोन फुटांवर आली, पलीकडे टॅक्सीवेचा निळा दिवा. आणि मग परीक्षक त्यांच्या खऱ्या आवाजात म्हणाले, "आय हॅव द कंट्रोल्स." परीक्षकाला सुरक्षेसाठी हात घालावा लागला तर तिथेच नापास, हे एसीएसमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. सरकत जाऊन स्किड अडकली तर डायनॅमिक रोलओव्हर, आणि त्याच विषयावर मी दोन तासांपूर्वी फळ्यावर सुंदर आकृती काढली होती.

उतरल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "तू उत्तम शिकवत होतीस. फक्त मला वाचवत नव्हतीस."

नंतरचे दहा दिवस माझ्या इन्स्ट्रक्टरने मला एकच काम दिलं. तो चुका करणार, न सांगता. कधी पेडल उलटं, कधी थ्रॉटल चुकीच्या दिशेला फिरवणार, कधी स्लोपवर, म्हणजे उतारावर, एक स्किड टेकल्यावर कलेक्टिव्ह भसकन खाली. मी तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्यांदा सांगायचं. दुसऱ्यांदा एका शब्दात हुकूम: "डावं." तिसऱ्यांदा सांगणं नाही, घेणं. आणि तीन फुटांच्या हॉवरमध्ये किंवा ऑटोच्या फ्लेअरमध्ये (जमिनीजवळ नाक वर करून वेग मारताना) मधली पायरीच नाही. हात कुठे? उजव्या हाताची बोटं मुठीभोवती सैल कडं करून, न धरता. डावा हात कलेक्टिव्हखाली, तळवा वर, म्हणजे विद्यार्थ्याने ओढलं तर कळतं आणि सोडलं तर अडतं. पाय पेडलांवर, पण भार नाही. दाखवायचं असेल ते तोंडाने दाखवायचं. कंट्रोलची देवाणघेवाण तीन वाक्यांत: तू घे, मी घेतलं, तू घेतलंस. दर वेळी, कंटाळा येईपर्यंत.

कागदपत्रं. आयएक्राचा (एफएएचा ऑनलाइन) अर्ज, लायसन्स, मेडिकल, ओळखपत्र, दोन्ही लेखींचे निकाल, लॉगबुक. सह्या तपासा: एफओआयची, उड्डाण प्रशिक्षणाची, आणि गेल्या दोन कॅलेंडर महिन्यांत तयारी करून घेतल्याची. ज्यांच्याकडून शिकलात ते इन्स्ट्रक्टर नव्या सीएफआयला तयार करायला पात्र आहेत ना, हेही आधीच विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा बरं. मशीनचे कागद म्हणजे एअरवर्दीनेस, रजिस्ट्रेशन, पीओएच, वेट अँड बॅलन्स, ॲन्युअल आणि १०० तासांची तपासणी, ट्रान्सपॉन्डरची २४ महिन्यांची, ईएलटीची (अपघातात संकेत पाठवणाऱ्या यंत्राची). मेंटेनन्सच्या वह्यांत प्रत्येक नोंदीला रंगीत चिठ्ठी लावून ठेवा. "शोधते हं" असं परीक्षकासमोर म्हणावं लागू नये.

आणि वजन. हे मी फोनवरच विचारलं, कारण आर २२ मध्ये ते लाजण्यासारखं राहत नाही. परीक्षक २०५ पौंड, मी १४८, आमचं मशीन रिकामं ८८२. एकूण १,२३५. कमाल १,३७०, म्हणजे इंधनाला १३५ पौंड, साधारण साडेबावीस गॅलन. प्रत्येक सीटला सामानासकट २४० ची मर्यादा, तीही बघायची. मग उन्हाळा. फिनिक्सच्या आसपास १,४०० फुटांच्या धावपट्टीवर ४० अंश असले की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे मशीनला जाणवणारी उंची, ४,७०० फुटांच्या घरात जातं. मी सकाळी साडेसहाची वेळ मागून घेतली आणि टाकी पूर्ण भरली नाही. त्यांनी कारण विचारलं. कारण तयार असल्यामुळे तोच माझा परफॉर्मन्सचा पाठ झाला.

हवामान बिघडलं तर लाजेखातर उडू नका. लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स (परीक्षा मधेच थांबवल्याचं पत्र) मिळतं, झालेला भाग ६० दिवस धरला जातो. नापास झालात तरी झालेले भाग ६० दिवसांत धरले जाऊ शकतात, फक्त राहिलेल्यांवर पुन्हा प्रशिक्षण आणि नवी सही लागते. मी घाबरत होते की ही नोंद आयुष्यभर चिकटेल. नोंद राहतेच. नोकरीच्या मुलाखतीत मला तिच्याबद्दल विचारलं गेलं, मी टॅक्सीवेच्या दिव्याची गोष्ट सांगितली आणि पुढचा प्रश्न आला.

दुसऱ्या खेपेला तेच परीक्षक होते. हॉवर दिला. मशीन उजवीकडे सरकायला लागलं. "डावं," मी म्हटलं. त्यांनी काही केलं नाही, आणि माझी बोटं आवळली गेली. "आय हॅव द कंट्रोल्स." मशीन थांबलं. ते बाहेर बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. पुढे स्लोप, कन्फाइन्ड एरिया (अडचणीच्या जागेत उतरणं), दोन ऑटो. उतरल्यावर प्रिंटरमधून तात्पुरतं लायसन्स निघालं.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने विचारलं, "मग आता शिकवायला कधीपासून?"

माझ्या लॉगबुकात तेव्हा १७१ तास होते. "अजून २९ तास, आई," मी म्हटलं.

"म्हणजे पास होऊनही वेटिंग लिस्टच," ती म्हणाली.